दिसेल ते सांगणारा आवाज

‘रनिंग कॉमेंट्री’ला मराठीत ‘धावतं समालोचन’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. मैदानावर खेळाडू धावतात, चेंडू धावतो आणि त्यांच्या मागोमाग एका माणसाची जीभ धावत असते. खेळाडूला दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घेता येतो. समालोचकाला ती मोकळी जागाही भरून काढावी लागते. गोलंदाज मागे वळला, मिडऑफ दोन पावलं पुढे सरकला, आभाळ भरून आलं, धावा किती, गडी किती, हे सारं सांगायचं. तेही अशा माणसाला, जो घरी भाजी निवडत बसला आहे किंवा आजारपणानं अंथरुणाला खिळला आहे. त्या माणसाचे डोळे म्हणजे हा आवाज.

आपल्याकडे या कलेची परंपरा मोठी आहे. बॉबी तल्यारखान दिवसभर एकट्यानं माइक सांभाळत. तिथे वाटेकरी त्यांना खपत नसे. स्वतः रणजी सामने खेळलेल्या बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठी घरांच्या बोलीत आणून बसवलं. पण या व्यवसायाचा विचार करताना मला आठवतात ते इंग्लंडचे जॉन अर्लॉट. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला आपला, म्हणजे भारताचा, हात लागला आहे.

अर्लॉट यांचा जन्म १९१४ चा, बेसिंगस्टोक गावातला. स्मशानभूमीच्या आवारातल्या घरात ते जन्मले. १९३४ साली साउदॅम्प्टनच्या पोलिसात भरती झाले आणि अकरा वर्षं तिथेच राहिले. पोलिसाची नोकरी करता करता त्यांना कवितेचं वेड लागलं आणि त्या वेडापायीच १९४५ मध्ये बीबीसीत कवितांचे कार्यक्रम करण्याचं काम मिळालं. पुढच्याच वर्षी थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला आला. भारतातल्या श्रोत्यांसाठी पहिल्या दोन सामन्यांचं वर्णन कर, असं या कवितेच्या माणसाला सांगण्यात आलं. इकडच्या श्रोत्यांना तो आवाज इतका आवडला की दोन सामन्यांचं काम अख्ख्या दौऱ्याचं झालं.

आणि तिथून भ्रमंती सुरू झाली. मी आयुष्य बँकेत काढलं. दर तीन वर्षांनी बदली आली की घरात जो कालवा होतो, तो मला ठाऊक आहे. पण आमच्या बदलीत निदान तीन वर्षं एका गावचं पाणी प्यायला मिळे. समालोचकाची बदली दर सामन्याला. आज एक गाव, परवा दुसरं. रात्री हॉटेलातली परकी उशी आणि सकाळी पुन्हा लाकडी खोलीतला तो माइक. १९५७ पासून बीबीसीनं कसोटीच्या प्रत्येक चेंडूचं समालोचन सुरू केलं. वीस मिनिटं एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं. शेजारी धावफलक लिहिणारा आकड्यांच्या चिठ्ठ्या सरकवतो. अर्लॉट यांचा उच्चार हॅम्पशायरकडचा, गावरान. लंडनच्या घोटीव इंग्रजीत तो उठून दिसे आणि त्यांनी तो कधी बदलला नाही.

याच भ्रमंतीनं त्यांना एका वळणावर आणून उभं केलं. १९४८-४९ मध्ये इंग्लंडच्या संघाबरोबर ते दक्षिण आफ्रिकेत गेले. वर्णभेदाचं सरकार तिथे नुकतंच आलं होतं. गोऱ्यांनी काळ्या माणसांना दिलेली वागणूक त्यांनी डोळ्यांनी पाहिली. परतताना भराव्या लागलेल्या अर्जात ‘वंश’ या रकान्यापुढे आपण ‘मानव’ असं लिहिलं, ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितली आहे.

दहा वर्षांनी केपटाउनहून एका गौरेतर खेळाडूची पत्रं येऊ लागली. हा खेळाडू म्हणजे बॅसिल डॉलिव्हिएरा. स्वतःच्या देशासाठी खेळण्याची दारं त्याला रंगामुळे बंद होती. अर्लॉट यांनी खटपट करून १९६० मध्ये त्याला लँकेशायरमधल्या एका क्लबात काम मिळवून दिलं. १९६६ मध्ये तो इंग्लंडकडून कसोटी खेळला. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडमध्ये येणार असं ठरलं, तेव्हा अर्लॉट यांनी जाहीर केलं, की या सामन्यांचं समालोचन मी करणार नाही. ज्याची भाकरी बोलण्यावर, त्यानं न बोलण्याचं ठरवावं, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे तो दौराच रद्द झाला. पण नकार दिला तेव्हा तसं होईल याची काही खात्री नव्हती.

प्रवासात आयुष्य काढणाऱ्याच्या घरीही दुःख यायचं थांबत नाही. १९६५ च्या अखेरीस त्यांचा थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. त्यानंतर अर्लॉट काळा टाय बांधू लागले. रेडिओवर तो कोणाला दिसणार? श्रोत्यांच्या वाट्याला मात्र तोच संथ, ओळखीचा आवाज येत राहिला.

२ सप्टेंबर १९८० रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया शतकमहोत्सवी सामन्यात त्यांनी कसोटीचं शेवटचं समालोचन केलं. निरोपाचं भाषण नाही, गहिवर नाही. आपली पाळी संपल्यावर पुढे कोण बोलणार, एवढं सांगून ते उठले. मैदानावर त्यांच्या निवृत्तीची घोषणा झाली तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. खेळाडूंनी खेळ थांबवून टाळ्या वाजवल्या. पुढे ते ऑल्डर्नी बेटावर राहायला गेले आणि १९९१ मध्ये वारले.

आज घरोघरी मोठे पडदे आहेत. चेंडू कुठे पडला, ते दहा कोनांतून दिसतं. तरी पडद्यावरचं समालोचन ऐकताना पुष्कळदा वाटतं, की बोलणं वाढलं आणि सांगणं कमी झालं. जो दुसऱ्यासाठी पाहतो, त्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात. तो विश्वास आवाजाच्या गोडव्यानं टिकत नाही. चेंडू बाहेर गेला तर बाहेर गेला म्हणायचं, आणि मैदानाबाहेर अन्याय दिसला तर तोही दिसला म्हणायचं, एवढ्यानं तो टिकतो.