जळव्याच्या हातातला जाळ

दिवाळी झाली की कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटतात. लोक रस पितात, गरम गूळ खातात आणि गूळ करणाऱ्या गुळव्याचं कौतुक करून परततात. ते योग्यच आहे. पण चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं सारणारा जळव्या काय करतो ते समजल्याशिवाय गूळ कसा होतो हे कळत नाही.

आधी जळण पाहू. घाण्यातून निघालेल्या ताज्या चिपाडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. तसंच चुलीत घातलं तर जाळाची ताकद ते पाणी उडवण्यात जाते आणि नुसता धूर होतो, म्हणून चिपाडं आधी उन्हात वाळवतात. वाळलेलं चिपाड भडकन पेटतं, लगेच बसतं आणि मागे फारसा निखारा ठेवत नाही. कोळशाचं याच्या उलट असतं. परदेशात कोळशाच्या, झाकणाच्या शेगडीवर मांस कित्येक तास साधारण ११० अंशांवर शिजवतात. तिथे धग राखायची ती खालची-वरची झडप कमी-जास्त उघडून, म्हणजे वारा मोजून. झडप बंद केली तरी फुललेले निखारे बराच वेळ तापत राहतात. गुळाला ते परवडत नाही. शेवटच्या काही मिनिटांत जाळ झटकन उतरायला हवा, आणि तो उतरतो तो चिपाडामुळेच.

रस काहिलीत पडला की सुरुवात बेताच्या आचेवर होते. रस उकळण्याआधी त्यातली मळी वर यायला हवी. जाळ आधीच भडकवला तर ती उकळीत पुन्हा मिसळते आणि गूळ कळकट होतो. चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून मळी गोळा करतात, झाऱ्याने काढतात. मग मात्र जळव्या हात सैल सोडतो. रेंगाळत शिजवलं तर आंबूस रसातली साखर फुटते, गूळ मऊ राहतो, त्याचा रवा नीट बसत नाही. म्हणून मधला टप्पा मोठ्या जाळावरच उरकावा लागतो.

इतका जाळ लावूनही रस करपत कसा नाही? रसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आहे तोवर धग वाफेत निघून जाते आणि काहील शंभर अंशांच्या आसपासच थांबते. जाळ वाढवला तर वाफ जास्त निघते, तापमान फारसं चढत नाही. शेगडीवर मांस शिजवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो: तासन्‌तास मांसाचं तापमान एका जागी अडकतं, कारण पृष्ठभागावरून उडणारं पाणी त्याला थंड ठेवतं. घाबरून कोळसा वाढवणारे तिथेच फसतात.

पाणी आटत जातं तसा पाक तापू लागतो. १०५-१०६ अंशांना काकवी. त्यापुढे फेस उसळतो, तेव्हा थोडं तेल टाकून तो बसवतात. आता उडायला पाणी थोडंच उरलेलं असतं, त्यामुळे तोच जाळ पाकाला भराभर वर नेतो. गूळ साधतो ११८ ते १२० अंशांच्या आसपास. तीन-चार अंश जास्त झाले की रंग काळवंडतो, चव कडवट होते. कमी पडले तर गूळ ओलसर राहतो, टिकत नाही. सगळी कसोटी या थोडक्या फरकात आहे. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. गोळी पक्की होत आली की जळव्याला हाक जाते, चिपाडं थांबतात, ज्वाळा बसते आणि पाक वाफ्यात ओततात.

एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो गूळ निघतो, आणि प्रत्येक आधण असंच राखावं लागतं. सांगलीच्या गूळ बाजारात पिवळाधमक रवा जास्त भावाने जातो म्हणून रसायनं घालून रंग उजळवण्याची चाल पडली आहे. जाळ नीट राखलेला गूळ थोडा तांबूस असला तरी तोच घ्यावा, आणि कधी गुऱ्हाळावर गेलात तर थोडा वेळ चुलवाणापाशीही उभं राहावं.