गुणाकारापूर्वीचा प्रश्न

संभाव्यतेवरील पाठ्यपुस्तकांत पिशवी व तिच्यातील रंगीत गोट्या यांचे उदाहरण हटकून आढळते. डोळे मिटून पिशवीतून गोटी काढण्याचा प्रसंग प्रत्यक्ष व्यवहारात कोणावर फारसा येत नसेल. तरीही हे उदाहरण टाकाऊ नाही. दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत की एक दुसरीवर अवलंबून आहे, हे त्यात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

समजा, पिशवीत ५ तांबड्या व ३ पांढऱ्या गोट्या आहेत. न पाहता एक गोटी काढली, तर ती तांबडी निघण्याची संभाव्यता ५/८ होय. ही गोटी परत टाकून, पिशवी चांगली हलवून दुसरी काढली, तर पहिल्या खेपेला काय घडले याचा दुसऱ्या खेपेवर काहीच परिणाम होत नाही. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. दोन्ही खेपांना तांबडीच गोटी निघण्याची संभाव्यता काढण्यासाठी दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करावयाचा : ५/८ × ५/८ = २५/६४. गुणाकारच का, बेरीज का नाही, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याने हा प्रयोग ६४ वेळा केला अशी कल्पना करावी. सरासरीने ४० वेळा पहिली गोटी तांबडी निघेल. आणि या ४० पैकी पुन्हा पाच-अष्टमांश, म्हणजे २५ वेळा, दुसरीही तांबडी निघेल. भागाचा भाग घ्यावयाचा असल्याने गुणाकार करावा लागतो, एवढेच त्यातील रहस्य.

आता पहिली गोटी परत न टाकता बाजूला ठेवली असे समजू. ती तांबडी असेल, तर पिशवीत उरलेल्या सात गोट्यांपैकी तांबड्या चारच. तेव्हा उत्तर ५/८ × ४/७, म्हणजे ५/१४ येते. शेकडा ३९ च्या जागी शेकडा ३६. गुणाकार येथेही आहेच, मात्र दुसरा अपूर्णांक पहिली घटना घडून गेल्याचे जमेस धरून घेतला आहे. त्याला सशर्त संभाव्यता म्हणतात, आणि अशा घटनांना अवलंबी घटना.

स्वतंत्र घटनांना अवलंबी समजण्याची चूक जुगाराच्या अड्ड्यावर नेहमी पाहावयास मिळते. १९१३ च्या ऑगस्टमध्ये माँटे कार्लो येथील रूलेटच्या चाकावर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला, असे सांगितले जाते. आता तांबडा आलाच पाहिजे, या समजुतीने लोक पैसे लावीत गेले व बुडाले. चाकाला स्मरणशक्ती नसते. ३७ घरांपैकी तांबडी घरे १८, ती २६ काळ्यांनंतरही १८ च राहतात. या चुकीने पैसा जातो. तिच्या उलट चूक, म्हणजे अवलंबी घटनांना स्वतंत्र मानणे, ही अधिक घातक होय, कारण ती सहजासहजी दिसत नाही.

ती कशी दडून बसते हे पाहण्यासाठी पुन्हा पिशव्यांकडेच वळावे. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दहा पिशव्या आहेत, प्रत्येकीत १०० गोट्या. नऊ पिशव्यांत तांबडी गोटी एकच. दहावीत मात्र ११. कोणतीही एक पिशवी उचलून गोटी काढली, तर ती तांबडी असण्याची संभाव्यता २०/१०००, म्हणजे ५० त एक. आता ती गोटी त्याच पिशवीत परत टाकून पुन्हा काढली, तर? गोटी परत टाकली आहे, तेव्हा घटना स्वतंत्रच, असे वाटेल. परंतु पहिली तांबडी गोटी हाती येताच, हाती असलेली पिशवी बहुधा दहावी असावी, असा संशय बळावतो. एकूण २० तांबड्या गोट्यांपैकी ११ तिच्यातच आहेत. हिशेब केल्यास दुसरी गोटी तांबडी असण्याची संभाव्यता ५० त एक राहत नाही. ती सुमारे १५ त एक इतकी वाढते. पहिल्या गोटीने दुसरीला स्पर्शही केलेला नाही. तिने फक्त पिशवी कोणती असावी याची खूण दिली.

१९९९ साली इंग्लंडमधील चेस्टर येथील न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. सॅली क्लार्क या वकील स्त्रीचे पहिले मूल १९९६ साली व दुसरे १९९८ साली, काही आठवड्यांचेच असताना दगावले होते, आणि दोघांच्या हत्येचा आरोप तिच्यावर होता. अर्भकाच्या आकस्मिक व अनाकलनीय मृत्यूचे प्रमाण एका पाहणीत १३०३ त एक असे आढळले होते. घरात कोणी धूम्रपान करीत नाही, कमावते माणूस आहे व आई २६ वर्षांहून मोठी आहे, अशा कुटुंबांत ते ८५४३ त एक होते. फिर्यादी पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार रॉय मेडो यांनी ज्यूरीपुढे या संख्येचा वर्ग मांडला : सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. असा योगायोग शंभर वर्षांतून एकदाच घडेल, असेही त्यांनी सांगितले. ज्यूरीने तिला दोषी ठरविले.

वर्ग करणे म्हणजे दोन्ही मृत्यू स्वतंत्र मानणे. परंतु कुटुंबाची परिस्थिती पाहून प्रमाण १३०३ वरून ८५४३ वर जाते, हे ज्या पाहणीने दाखविले, तिनेच कुटुंबे एकसारख्या पिशव्या नाहीत हे सांगितले होते. एकाच घरातील दोन भावंडांची आनुवंशिकता व भोवतालचे वातावरण बऱ्याच अंशी समान असते. पहिला मृत्यू ही त्या कुटुंबात काही अज्ञात धोका असल्याची खूण ठरू शकते. शिवाय ती संख्या बिनचूक असती, तरी ती निर्दोषित्वाची संभाव्यता नव्हे. आईने आपल्या दोन तान्ह्या मुलांची हत्या करणे हेही अत्यंत दुर्मीळच. तुलना या दोन दुर्मीळ गोष्टींत व्हावयास हवी होती.

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. २००३ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याचे मुख्य कारण वेगळे होते : दुसऱ्या मुलाच्या प्रयोगशाळेतील तपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दाखविलेच गेले नव्हते. तथापि केवळ आकड्याच्या मुद्द्यावरही अपील बहुधा मान्य झाले असते, असे न्यायालयाने नमूद केले. तोवर सॅली क्लार्कने तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. २००७ च्या मार्चमध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी तिचे निधन झाले.