गल्ल्यातला पैसा आणि ईदची खरेदी

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर तरावीहनंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. गावाकडून माल भरायला आलेला आपला दुकानदार बंधूही दिवसाचे काम उरकून रात्री त्या गर्दीत शिरतो. परतताना पिशवीत अत्तर, मनगटी घड्याळ आणि मुलांसाठी कपड्यांचा तिसरा जोड! यादीत यातले काहीच नव्हते. पैसे कुठले? गल्ल्यातले.

इथेच चुकते. गल्ला म्हणजे कमाई नव्हे. १०० रुपयांच्या विक्रीत १५ रुपये सुटत असतील, तर बाकीचे ८५ मालाचे आहेत. माल उधारीचा असेल तर ते घाऊक व्यापाऱ्याचे. १,२०० रुपयांचे घड्याळ हौसेने घेतले, तर ते भरून काढायला ८,००० रुपयांची विक्री लागते. भाडे आणि वीजबिल यात धरलेलेच नाही.

२०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून नोटा मोजाव्याही लागत नाहीत. मोजताना हात जरा तरी अडखळत असे.

यावर साधा उपाय आहे. घरखर्चाची रक्कम जुम्माच्या दिवशी एकदाच काढावी, मग गल्ल्याला हात लावू नये. हौसेची वस्तू दिसली तर चिठ्ठीवर लिहावी आणि पुढच्या जुम्माला पाहावी. इस्राफला मनाई आहे, हे आपण जाणतोच. ईदचा नवा जोड म्हणजे काही इस्राफ नव्हे, तो मुलांना जरूर घ्यावा. फितरा मात्र ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो. त्याची रक्कम बाजाराला निघण्याआधीच घरी काढून ठेवावी.