उजवीकडचा खालचा कोपरा

मार्गशीर्षातला बुधवार, संध्याकाळचे साडेसहा. उद्याच्या गुरुवारच्या पूजेची खरेदी चालू आहे, त्यामुळे विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरचा रस्ता दोन्ही बाजूंनी आत सरकलाय. सफरचंद, पेरू, केळं, चिकू, संत्रं असे पाच फळांचे वाटे, आंब्याचे डहाळे, पत्रीच्या जुड्या, शेवंतीच्या वेण्या. प्रत्येक पाटीवर काठीला लटकवलेला एक उघडा एलईडी बल्ब.

“मावशी, फोटो काढू का?”

“वेण्यांचा काढा. माझा कशाला?” मावशी म्हणतात आणि गजऱ्याची गाठ दातांनी ओढून पक्की करतात.

कॅमेरा डोळ्याला लावतो. चौकटीत पाटी दिसते, मावशींचे हात दिसतात, मागे हॉर्न वाजवत अडकलेली रिक्षा दिसते. खाली उजवीकडे मात्र काळोख आहे. तिथे माझ्याच लेन्सची गोल कड आहे आणि तिच्यावर आट्यांनी बसवलेला धातूचा हुड. चौकटीचा तो कोपरा हुडाने गिळलाय.

हा मामांनी कुवेतहून आणलेला यशिका इलेक्ट्रो ३५. इलेक्ट्रो पहिल्यांदा १९६६ साली आला. माझ्या हातातलं जीएसएन मॉडेल १९७३ पासूनचं. रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. खिडकी डावीकडे वर, लेन्स तिच्या उजवीकडे खाली. लेन्स लहान असती तर वाटेत आली नसती. पण ही ४५ मिलिमीटरची आणि एफ/१.७ एवढी उघडणारी आहे. जास्त उजेड आत घ्यायचा तर काच मोठी लागते. काच मोठी झाली की नळी जाड होते आणि खिडकीसमोर येते. त्यावर हुड चढवला की अडचण आणखी पुढे सरकते.

बटण अर्धं दाबतो. खिडकीत पिवळा दिवा लागतो: शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा हळू चालेल, हात हलेल. दोन पावलं पुढे जाऊन मावशींच्या बल्बजवळ उभा राहतो. पिवळा दिवा विझतो. आत ४०० आयएसओचा रोल आहे आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. हीच लेन्स एफ/२.८ वर ठेवली तर उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येईल आणि या रस्त्यावर हातात धरून फोटो निघणार नाही. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरची किंमतही लगेच मोजावी लागते. एक मीटरवर फोकस केलं की स्पष्ट राहणारी जागा जेमतेम पाच सेंटिमीटर खोल असते. मावशींच्या बोटांवर फोकस, तर चेहरा मऊ. खिडकीच्या मधल्या पिवळट ठिपक्यात दोऱ्याच्या दोन प्रतिमा हलताहेत. रिंग फिरवतो, त्या एकमेकींवर येतात. खटका अगदी हलका वाजतो. मावशींची मान वरही होत नाही.

एक तरुण थांबून हुडाकडे बघतोय. “रात्री कशाला लावलंय ते? ऊन कुठाय?” त्याचा प्रश्न रास्त आहे. पण इथे ऊन नसलं तरी शेजारच्या पाटीचा बल्ब चौकटीच्या जरा बाहेर लटकतोय आणि समोरून रिक्षांचे दिवे येताहेत. चौकटीबाहेरचा हा उजेड तिरका येऊन काचेवर पडला, की आत परावर्तित होत सगळ्या चित्रावर पांढुरकी झाक पसरवतो. काळे भाग राखाडी होतात. जुन्या काचेवर आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर हे जास्त जाणवतं. बल्ब चौकटीतच असेल तर हुड काही करू शकत नाही. बाहेरच्या बल्बाला तो अडवतो. शिवाय गर्दीत एखाद्या पिशवीचा धक्का बसलाच तर तो धातूला बसतो, काचेला नाही.

खिडकीसमोर येणाऱ्या लेन्सचा प्रश्न मोठमोठ्या कॅमेऱ्यांनाही सुटलेला नाही. कॅननने १९६१ साली ‘कॅनन ७’ साठी एफ/०.९५ ची लेन्स काढली, लायकाने १९६६ मध्ये एफ/१.२ ची नॉक्टिलक्स. दोन्ही रात्रीच्या कामाच्या आणि दोन्ही खिडकीतलं बरंच काही झाकणाऱ्या. काही हुडांना म्हणून खाचा ठेवतात. त्यांतून पलीकडचं थोडं दिसतं. माझ्या हुडाला खाच नाही. १९५४ च्या लायका एम३ ची खिडकी जग जवळपास आहे तेवढंच मोठं दाखवते, त्यामुळे डावा डोळा उघडा ठेवला तर दोन्ही डोळ्यांतली दृश्यं जुळतात. यशिकात चित्र लहान दिसतं, ती जुळत नाहीत. तरीही मी डावा डोळा उघडाच ठेवतो. झाकलेल्या कोपऱ्यात कोण शिरलं हे तोच सांगतो.

अंबरनाथ लोकल येते. मिनिटभरात स्टेशनातून माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात रिकामी कापडी पिशवी, चालता चालताच भाव विचारणं. “पत्री कशी दिली?” “पाच फळांचा वाटा केवढ्याला?” कॅमेरा उभा धरतो, बटण वरच्या बाजूला ठेवून. आता काळा कोपरा वर उजवीकडे जातो आणि तिथे नुसतं अंधारं आकाश आहे. झाकलं गेलं तरी काही बिघडत नाही. कॅमेरा उलट बाजूला उभा धरला असता तर तोच कोपरा खाली डावीकडे आला असता आणि नेमके चालणारे पाय गेले असते. गर्दीत मी उभ्या चौकटीकडे वळतो तो यासाठी.

मावशींची नात बराच वेळ माझ्या कोपराशी उभी आहे. “काका, मला बघू द्या.”

पट्टा तिच्या गळ्यात अडकवून कॅमेरा देतो. ती डोळा लावते आणि लगेच म्हणते, “इथं काळं आहे. फोटोत पण येणार?”

“नाही. लेन्सला स्वतःचा हुड दिसत नाही.”

“मग काढा ना तो.”

आट्या फिरवून काढतो आणि तिच्या हातात देतो. लेन्सची कड राहते, पण बराच कोपरा मोकळा होतो. ती खूश होते. तिला शेजारचा बल्ब दाखवतो. आता त्याचा उजेड थेट काचेवर पडतोय, पण खिडकीतून बघताना त्यातलं काहीच कळत नाही, कारण खिडकी लेन्समधून बघतच नाही. हुड दिसतो, तो फोटोत येत नाही. पांढुरकी झाक फोटोत येते, ती इथे दिसत नाही. नात पुन्हा डोळा लावते, बल्बकडे बघते, पुन्हा लावते. मग स्वतःच कॅमेरा आणि हुड माझ्या हातात देते.

“बसवा. मी बघते त्या कोपऱ्यात.”

ती माझ्या उजवीकडे येऊन उभी राहते. पुढची लोकल बदलापूरची आहे. माणसं बाहेर येताहेत, मावशींपुढे तीन-चार बायका एकदम वाकल्यात. ठिपक्यात वेणीच्या दोन प्रतिमा जुळवत असतो तेवढ्यात ती ओरडते, “काका, थांबा! पेरूवाला मधे आलाय!” बोट बटणावर थांबतं. “गेला. आता काढा.”