तेल शेतात सांडते, नुकसान मात्र सातबाऱ्यापुरतेच का मोजायचे?

तेलगळती म्हटले की समुद्र, फुटलेले जहाज आणि तेलाने माखलेले पक्षी डोळ्यांसमोर येतात. सोलापूरला समुद्र नाही, म्हणून हा आपला प्रश्न नाही असे आपण धरून चालतो. पण हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन आपल्या शेजारी पाकणीपर्यंत येते, आणि वाटेत ती शेतांच्या पोटातून येते. पाकणीच्या डेपोंमधून भरलेले टँकर रोज आपल्याच रस्त्यांवरून जातात.

जून २०२१ मध्ये याच पाइपलाइनला सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात, सासवड गावाजवळ, चोरट्यांनी छिद्र पाडले. पेट्रोल चोरीला गेले, आणि त्याबरोबर ते जमिनीतही मुरले. शेतातली पिके जळाली, विहिरींच्या पाण्यात पेट्रोल उतरले. उद्या हे आपल्या गावात झाले तर काय करायचे, हे आधीच माहीत असले पाहिजे.

मातीत काय घडते?

चांगल्या मातीच्या कणांमध्ये मोकळी जागा असते. तिथे हवा आणि पाणी राहते, मुळे श्वास घेतात. तेल शिरले की कणांवर त्याचा थर बसतो. वरून पाणी दिले तरी ते मुरत नाही, खाली हवा जात नाही. मातीतले काही जिवाणू हे तेल खातात, पण त्यासाठी ते मातीतला प्राणवायू आणि नत्र वापरून टाकतात. पिकाला नत्र उरत नाही, म्हणून ते पिवळे पडते.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांतून तेल थेट खोल उतरू शकते. पेट्रोल हलके असते. काही उडून जाते, काही झिरपते. डिझेल जास्त काळ टिकते. वापरलेले इंजिन ऑइल चिकट असते आणि त्यात धातूंचे अंशही असतात. म्हणून वास गेला म्हणजे जमीन सुधारली, असे मानू नये.

विहिरीचा धोका

आपल्याकडे भूजल काळ्या पाषाणातल्या फटींतून वाहते. त्यामुळे गळतीजवळची विहीर वाचते आणि लांबची बिघडते, असेही होऊ शकते. पेट्रोलमधील बेंझिन पाण्यात काही प्रमाणात विरघळते आणि त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. वरचा तवंग काढला म्हणून पाणी पिण्याजोगे होत नाही.

एक गोष्ट वस्तीतल्या प्रत्येकाला सांगा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साठून राहते. अशा विहिरीची मोटर चालू करू नका, काडी ओढू नका, पाहायला म्हणून कोणाला खाली उतरवू नका. एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि त्या वाफेने गुदमरून माणूस दगावू शकतो.

नुकसान कोणाचे?

नुकसान झाले की पंचनामा होतो. त्यात गट नंबर, पीक, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव येते. ते आवश्यकच आहे. पण त्या शेतावर खुरपणीला जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी त्यात कुठे येते? त्या विहिरीवर पाणी पिणारी शेळी मेली तर? गायरानावर पिढ्यानपिढ्या वहिवाट आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही, त्या कुटुंबाचे काय? आपल्या समाजातली कितीतरी घरे याच रांगेत उभी आहेत.

कायदा मात्र पंचनाम्याच्या कागदापेक्षा मोठा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० नुसार भरपाई मागण्याचा हक्क फक्त जमीनमालकाला नाही. ज्याला इजा झाली तोही अर्ज करू शकतो. भरपाईच्या बाबींमध्ये पिके आणि झाडे आहेत, दुभती व ओढकामाची जनावरे आहेत, माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च आहे, आणि रोजगार बुडाल्याचे नुकसानही आहे. न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईच्या अर्जासाठी पाच वर्षांची मुदत असते.

असे अर्ज वाया जातात असे नाही. २०११ मध्ये मुंबईजवळ कोळसा व इंधन तेल घेऊन जाणारे जहाज बुडाले. एका नागरिकाच्या अर्जावर २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने जहाज कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले.

आपण काय करायचे?

गळती दिसताच पोलीस, तहसीलदार आणि पाइपलाइनच्या खांबावर लिहिलेल्या क्रमांकावर कळवा. लोकांना आणि जनावरांना दूर न्या. पुढे जाणे सुरक्षित असेल तरच मातीचा बांध घालून तेल ओढ्यात जाण्यापासून अडवा. ते पेटवू नका, साबणाच्या पाण्याने धुऊ नका; त्याने तेल आणखी पसरते.

त्याच दिवशी फोटो काढा, तारीख लिहा. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा आणि मजुरांची, जनावरांची, पाणी भरणाऱ्या घरांची वेगळी यादी करून लेखी अर्ज द्या. त्याची पोच घ्या. माती आणि पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासावेत, अशी मागणी करा. जमीन सुधारता येते: दूषित माती काढणे, नांगरून हवा खेळवणे, तेल खाणारे जिवाणू सोडणे हे उपाय आहेत. पण त्याचा खर्च शेतकऱ्याने का करावा?

आणि थोडे आपल्या दारातही पाहू. आपली अनेक मुले गॅरेजमध्ये काम करतात. गाडीतून काढलेले जुने ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते गटारात किंवा मोकळ्या जागेत न ओतता डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्यायचे असते. आपण दुसऱ्याकडे हिशोब मागणार असू, तर आपला डबाही भरलेला आणि झाकलेला असावा.

या महिन्याच्या वस्तीतल्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. आपल्या शिवारातून पाइपलाइन जाते का, कोणत्या विहिरीवर किती घरे पाणी भरतात, कोण कोणाच्या रानात मजुरीला जाते, एवढे एका वहीत लिहून ठेवा. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांचे नाव निदान त्या वहीत असू द्या.