तपासणी दोघांची

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की घरातली सगळी धावपळ सुनेभोवती सुरू होते. तिची सोनोग्राफी, तिचे उपास, तिचे नवस, शेजारणीने सांगितलेला काढाही तिलाच. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र ‘बघू नंतर’ म्हणून मागे पडते. खरं तर सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी तीच. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पूर्ण किंवा थोडंफार कारण पुरुषाकडे असतं. अशा वेळी बायकोच्या पोटात दुर्बीण घालून झाल्यावर नवऱ्याला प्रयोगशाळेत पाठवणं हा मला धडधडीत अन्याय वाटतो.

कोणतंही साधन न वापरता नियमित संबंध ठेवून १२ महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावं आणि पाळीचं चक्र मुळातच बिघडलेलं असेल तर तेवढंही थांबू नये.

वीर्याचा नमुना द्यायच्या आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे. घरून नेणार असाल तर डबी अंगाशी धरून, तासाभराच्या आत पोचवायची. गारठ्याने शुक्राणूंची हालचाल मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत एका मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. आकडा त्याखाली आला म्हणून बाप होता येणारच नाही असं नाही, आणि एकाच अहवालावर निकालही लावायचा नसतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या कडक तापाचा परिणाम आजच्या अहवालात दिसू शकतो.

जिममध्ये जाणाऱ्या तरुणांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पीळदार शरीरासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना कामाचे आदेश देणं कमी करते. शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात.

बायकांमध्ये पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) किंवा थायरॉइडमुळे स्त्रीबीज वेळच्या वेळी बाहेर पडत नसेल, तर अनेकदा गोळ्यांनी काम भागतं. गर्भनलिकांचं दुखणं जास्त चिवट. आपल्या देशात त्यामागे अनेकदा क्षयरोग असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ना खोकला, ना ताप, आणि जंतू गर्भनलिकेत ठाण मांडून बसलेले. नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला पाळी संपल्यावर काही दिवसांत एचएसजी नावाची एक्स-रे तपासणी करतात. गर्भाशयात रंगद्रव्य सोडायचं आणि पडद्यावर बघायचं. नळ्या मोकळ्या असतील तर ते दोन्हीकडून पोटात सांडताना दिसतं; बंद असेल तिथेच अडतं. पोटात पाळीसारखी कळ येते. दुखेल हे आधी सांगितलं, तर बाईला ते सोसणं सोपं जातं.

बंद नळ्यांना वळसा घालणारा मार्ग म्हणजे आयव्हीएफ, म्हणजेच शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करणं. परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून या मार्गाने बाळ जन्मलं. त्याआधी, १९७८ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी हे साधलं होतं, पण त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे त्यांच्या कामाचे कागद अभ्यासून त्यांचं श्रेय जाहीरपणे मांडलं ते डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी, जे स्वतः १९८६ च्या यशात सहभागी होते. हा मनाचा मोठेपणा दुर्मीळ आहे.

आयव्हीएफला मर्यादा आहेत. क्षयाने गर्भाशयाचं अस्तरच खराब झालं असेल, तर प्रयोगशाळेत उत्तम वाढलेला गर्भही रुजत नाही. स्त्रीबीजाचं वयही आयव्हीएफने मागे जात नाही. म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारावं: आमच्या वयाच्या, आमच्यासारखंच कारण असलेल्या किती जोडप्यांच्या घरी तुमच्याकडून मूल गेलं? नुसते दिवस राहिल्याचे नव्हे, बाळ जन्मल्याचे आकडे मागावेत. उपचार केंद्राची कृत्रिम गर्भधारणेबाबतच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, तेही बघावं. या कायद्यानुसार उपचार घेणारी स्त्री २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५ या वयातला असावा लागतो.