भुताच्या खटल्यातील साक्षीपुरावा

भूत पाहिल्याचे सांगणाऱ्या माणसाला खोटारडा किंवा भित्रा ठरवून मोकळे होण्याचा जो शिरस्ता सुशिक्षितांत पडला आहे, तो जितका सोयीचा तितकाच अन्यायाचा आहे. हयातभर सचोटीने वागलेला, रात्रीबेरात्री शेताला पाणी द्यायला एकट्याने जाणारा एखादा इसम आपल्याला अमुक ठिकाणी अमुक दिसले असे शपथेवर सांगतो, तेव्हा त्याची जबानी खोटी मानण्यास सहसा काहीच आधार नसतो; तपासायचे असते ते त्या जबानीवरून त्याने, आणि त्याच्याभोवती जमलेल्या गावाने, काढलेले अनुमान. अंधुक प्रकाशात समोर उभा आहे तो खुंट की पुरुष, हे आपल्या नैयायिकांनी संशयाचे उदाहरण म्हणून शतकानुशतके घोळवले. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्यामधली फट त्यांनी नेमकी हेरली होती. त्या फटीत काय घडते, याचा शोध अलीकडच्या प्रयोगशाळांनी घेतला आहे.

प्रथम चकवा घेऊ. रानातून रात्री निघालेला वाटसरू तासन्‌तास चालूनही पुनःपुन्हा त्याच बांधाशी येतो, आणि उजाडल्यावर पाहतो तो गाव हाकेच्या अंतरावर, ही कथा आजोळी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत काम करणाऱ्या यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही स्वयंसेवकांना जर्मनीतल्या एका सपाट अरण्यात आणि ट्युनिशियाच्या हद्दीतील सहारा वाळवंटात, सरळ रेषेत चालत राहा, एवढेच सांगितले, आणि त्यांचा मार्ग उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवला. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. परंतु आभाळ भरून आलेल्या दिवशी अरण्यात चाललेले चौघेही वर्तुळात फिरले, त्यांतील तिघांनी स्वतःचीच वाट अनेकदा ओलांडली, आणि ती ओलांडल्याचे त्यांच्या ध्यानातही आले नाही. वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र दिसेनासा होताच भलत्याच दिशेला वळला. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर कधीकधी २० मीटर व्यासाहूनही लहान भरली. एक पाय दुसऱ्याहून किंचित आखूड असल्यामुळे असे होते, ही जुनी समजूतही या प्रयोगांत टिकली नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळे. ‘समोर’ म्हणजे कोणीकडे, हे शरीर आपले स्नायू, सांधे आणि कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवरून ठरवते. त्या संदेशांतील बारीकसारीक चुका पावलागणिक साचत जातात, आणि सूर्य, चंद्र किंवा दूरचा डोंगर यांपैकी एकही खूण दिसत नसली की त्या दुरुस्त होण्याचा मार्गच खुंटतो. चकवा लागला तर पुढे न जाता एका जागी बसून उजाडण्याची वाट पाहावी, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणूनच सर्वस्वी रास्त होता. कारणमीमांसा चुकलेली असूनही इलाज बिनचूक असू शकतो.

याहून भयप्रद अनुभव अंथरुणात येतो. पहाटेच्या सुमारास जाग येते, डोळे उघडतात, खोली ओळखीची दिसते, परंतु हात उचलत नाही, ओरडावे तर कंठातून आवाज फुटत नाही, आणि कोणीतरी छातीवर बसून गळा आवळीत आहे अशी घोर खात्री पटते. स्वप्ने पडतात त्या निद्रावस्थेत मेंदू डोळे आणि श्वासपटल वगळता बहुतेक ऐच्छिक स्नायूंना शिथिल करून ठेवतो, नाहीतर निद्रिस्त माणूस स्वप्नातले धावणे-झगडणे अंथरुणातच करू लागेल. क्वचित असे होते, की जाणीव आधी जागी होते आणि स्नायूंवरचा हा निर्बंध काही क्षण, कधी काही मिनिटे, मागे रेंगाळतो. श्वास हवा तसा खोल घेता येत नाही म्हणून छातीवर भार जाणवतो, आणि स्वप्नाचा उरलेला अंश त्या भाराला आकृती देतो. अपुरी किंवा अनियमित झोप आणि उताणे निजणे यांमुळे हा प्रकार अधिक संभवतो. आकृती कोणती दिसावी हे मात्र ज्याच्या त्याच्या संस्कारांवर अवलंबून असते: न्यूफाउंडलंडच्या कोळ्याला तेथे जख्ख म्हातारी दिसते, आणि आमच्याकडे ज्याने लहानपणापासून मुंजा व हडळ यांच्या कथा ऐकल्या, त्याच्या छातीवर तेच येऊन बसतात.

‘दिसले काही नाही, पण मागे कोणीतरी होते,’ असे सांगणारे साक्षीदार याहून निराळे. स्वित्झर्लंडमधील मज्जाशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एका अपस्माराच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्या स्त्रीच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, कानामागच्या भागाजवळ, सौम्य विद्युत्प्रवाह देताच तिला आपल्या पाठीशी एक छायारूप व्यक्ती असल्याचे जाणवले. ती निजली की छायाही निजे, आणि ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तेव्हा छायेने आपल्याला मिठी मारल्याचे तिला वाटले. स्वतःच्या शरीराची स्थिती जाणण्याचे जे कार्य मेंदूचा हा भाग करतो त्यात व्यत्यय आला, की आपलेच शरीर परके होऊन पाठीशी उभे राहते, असा याचा अन्वयार्थ लावण्यात आला.

मात्र विज्ञानाचा शिक्का मारला म्हणून प्रत्येक खुलासा खरा ठरतो असे नव्हे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे विक टँडी हे अभियंते ज्या प्रयोगशाळेत काम करीत तिला भुताटकीची ख्याती होती, आणि तेथे त्यांना स्वतःलाही डोळ्याच्या कडेला एक करडी आकृती दिसली. एका पंख्यामुळे तेथे दर सेकंदाला सुमारे १९ आंदोलनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी निर्माण होतो असे त्यांना आढळले, आणि १९९८ साली त्यांनी ते प्रसिद्ध करताच ‘भूत म्हणजे मंद ध्वनी’ हा समज जगभर पसरला. पुढे लंडनमध्ये ख्रिस फ्रेंच यांच्या गटाने एक खोली मुद्दाम अशा ध्वनींनी आणि विद्युच्चुंबकीय लहरींनी भारून माणसांना तीत फिरवले, तेव्हा विलक्षण अनुभव पुष्कळांना आले, पण ध्वनी चालू होता की बंद, याचा त्यांच्याशी संबंध जुळेना. येथे काहीतरी विचित्र जाणवेल ही अपेक्षाच पुरेशी ठरली. आपल्याकडे पिंपळाबाबतही तसेच आहे: तो रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो म्हणून त्याखाली निजणारा गुदमरतो व त्याला मुंजा दिसतो, असे विद्वत्तेच्या थाटात सांगतात, वास्तविक खुल्या हवेत पांगून जाणाऱ्या त्या अत्यल्प वायूने कोणी गुदमरणे संभवत नाही.

हा सारा तपास केवळ कुतूहलाचा विषय असता तर भुते कथांपुरती राहिली असती आणि कोणाचे काही बिघडले नसते. परंतु भुताने धरल्याच्या संशयावरून कोणाला साखळदंडाने बांधतात, चाबकाने मारतात, मिरचीची धुरी देतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत, भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या या कृत्यांचा गुन्हे म्हणून स्पष्ट उल्लेख करावा लागला, यातच सर्व आले. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. कायदा मांत्रिकाचा हात धरू शकतो. घरातील सून किंवा मुलगा जेव्हा भेदरून काही सांगू लागतो तेव्हा त्याचे ऐकून घेणे हे घरच्यांचेच काम आहे. झोप किती झाली होती, निजला कसा होतास, उजेड किती होता, त्या जागेविषयी आधी काय ऐकले होतेस, एवढे चार प्रश्न मायेने विचारले आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे नेले, तर साक्षीदाराचा मानही राहतो आणि निरपराध माणसाला शिक्षाही होत नाही.